एचेव्हेरियाला पाणी देऊनही पानं सुरकुततायत. जेडवर पांढरे ठिपके. तिसरं झाड उंच वाढून वाकलंय

पानफुटी (हे आणि पुढची अशीच झाडांची नावं म्हणजे लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

तीन कुंड्यांबद्दल एकत्रच विचारतेय. तिन्ही सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं.

पहिली एचेव्हेरिया. १२ सेंमीची प्लास्टिकची कुंडी, ती चिनी मातीच्या शोभेच्या भांड्यात ठेवलेली. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात. खालच्या सगळ्या पानांना सुरकुत्या पडल्यात. तहान लागली असेल म्हणून दर चार दिवसांनी अर्धा कप पाणी सुरू केलं, पण सुरकुत्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. आता अगदी तळाची दोन-तीन पानं पिवळट आणि काचेसारखी झालीत, हात लागला की गळून पडतात.

दुसरं जेड. पानांवर, जास्त करून कडेला, बारीक पांढरे ठिपके आहेत. शिवाय पान जिथे खोडाला जुळतं तिथे दोन-तीन ठिकाणी कापसासारखं काहीतरी दिसतं. कुंडीवर मुंग्या फिरतात.

तिसरं ग्राप्टोपेटालम. पूर्वेच्या खिडकीपासून साधारण दीड मीटर आत असतं. खोड लांब झालंय, पानं विरळ, सगळं झाड उजेडाकडे कललेलं. उजेड कमी पडतोय असं वाटून थेट दुपारच्या उन्हात ठेवलं, तर तीन दिवसांत पानांवर तपकिरी चट्टे आले. परत आत आणलंय.

आधी कशाला हात घालू?

---

घायपात

एचेव्हेरियाला. बाकीची दोन झाडं आठवडाभर थांबू शकतात, हे नाही. आणि पाणी आजपासून पूर्ण बंद.

सुरकुतलेलं पान एवढंच सांगतं की पानात पाणी पोचत नाहीये. कुंडीत पाणी नाही म्हणून पोचत नाही, की पाणी आहे पण ते ओढून घ्यायला मुळंच उरली नाहीत, हे पानावरून कळत नाही. सक्युलंट दगावतात ती बहुतेक इथेच. मूळ कुजतं, पान सुरकुततं, बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, तो आणखी पाणी घालतो.

फरक असा ओळखा. खरंच तहानलेल्या झाडाची पानं पातळ, लवचिक होतात, पण त्यांचा रंग टिकून असतो. सर्वांत खालची पानं कागदासारखी वाळतात आणि खोडाला चिकटून राहतात, ओढल्याशिवाय निघत नाहीत. कुंडी उचलली तर हलकी लागते. अशा झाडाला भरपूर पाणी दिलं की एक-दोन दिवसांत पानं पुन्हा टणक होतात. तुमची पानं पिवळट, पारदर्शक आहेत आणि स्पर्शानेच सुटतायत. हे जास्त पाण्याचं लक्षण आहे. पेशी फुटून आतलं पाणी पानभर पसरलं की पान असं काचेसारखं दिसतं. पाणी देऊन दोन दिवस झाले तरी सुरकुत्या तशाच असतील, तर मुळं गेली आहेत असं धरून चाला.

मूळ मरतं ते पाण्यामुळे नाही, हवा न मिळाल्यामुळे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही; पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. गुदमरलेल्या मुळात मग पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम यांसारख्या बुरशीसदृश आणि बुरशीजन्य रोगांना सहज शिरकाव मिळतो. म्हणून नुसतं बुरशीनाशक ओतून काही साधत नाही. ते ओतताना आपण कुंडीत आणखी ओल घालत असतो.

आता करायचं ते असं. शोभेच्या भांड्यातून कुंडी बाहेर काढा आणि भांड्याच्या तळाशी पाणी साठलंय का ते बघा. मग कुंडी आडवी धरून बाजू दाबा, मातीचा गोळा सैल करा आणि झाड बाहेर घ्या. वरून पानांना धरून ओढू नका. माती झटका, चिकटून राहिलेली साध्या पाण्याने धुवा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी असतं आणि ओढलं तर तुटायला जोर लागतो. कुजलेलं मूळ गडद आणि बुळबुळीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत बारीक दोरा राहतो. खोडाचा तळ नखाने दाबून बघा, काळा किंवा मऊ आहे का. काय दिसतं ते लिहा, पुढचं त्यावर ठरेल.

---

कोरफड

जेडवर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत असं वर्णनावरून दिसतं.

कडेचे बारीक ठिपके बहुधा क्षार आहेत. जेडच्या पानांवर पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रं असतात. पाणी जड असेल तर तिथून आलेला थेंब सुकतो आणि क्षाराचा पांढरा ठिपका मागे राहतो. ओल्या फडक्याने पुसला की निघतो आणि खाली पान अगदी निरोगी असतं. त्यावर काही औषध नको. मात्र कुंडीच्या काठावर आणि मातीवरही पांढरा थर दिसत असेल तर क्षार मातीत साठलेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून हळूहळू ओतून ते खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या. हे वर्षातून दोनदा पुरे, आणि माती पूर्ण कोरडी असेल तेव्हाच करा.

पेरातला कापूस म्हणजे मिलीबग, म्हणजेच पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याचीच खूण. मिलीबग रस शोषून गोड चिकट द्रव टाकतो, मुंग्या त्यासाठी येतात, किडीचं रक्षण करतात आणि तिला एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन पोचवतात. जेड आजच इतर कुंड्यांपासून लांब ठेवा.

इअरबड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक पेरात फिरवा. अल्कोहोल किडीवरचा मेणाचा थर विरघळवतं, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा ते कामाला येतं. पानांच्या खालची बाजू, कोवळा शेंडा आणि दोन पानं जिथे एकमेकांना दाबून बसतात ती फट सोडू नका. संध्याकाळी करा, पानं सुकेपर्यंत झाड उन्हात नको. जवळपास ज्योत नको. सुरुवातीला एकाच पानावर लावून दोन दिवस वाट बघा.

एकदा करून भागत नाही. मादी कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि बाहेर पडलेली पिल्लं इतकी बारीक असतात की डोळ्याला सहज दिसत नाहीत. दर सात दिवसांनी एकदा, असं किमान चार वेळा करावं लागतं. दुसऱ्या वेळी काहीच दिसलं नाही म्हणून थांबलात, तर महिन्याभराने सगळं पुन्हा पहिल्यापासून.

साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल यांबद्दल जेडपुरती सावधगिरी बाळगा. बऱ्याच झाडांना लिटरभर पाण्यात ५ मिली तेल आणि थेंबभर सौम्य द्रव साबण चालतो, पण जेडची पानं साबण आणि तेल दोन्हीला नाजूक असतात, डाग पडून गळू शकतात. मॅलाथिऑन हे कीटकनाशक तर जेडच्या कुळावर वापरूच नका, पानं जळतात.

कुंडीतून काढून मुळंही बघा. मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पिठासारखी भुकटी दिसली तर तो मुळांवरचा मिलीबग आहे. मग वरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. सगळी माती टाकून द्या, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि नव्या मातीत लावा. मिश्रणात घालतात त्या पर्लाइटचे (फुगवलेल्या हलक्या खनिजाचे) दाणेही पांढरेच असतात, त्यावरून घाबरू नका. दाणा नखाखाली कुरकुरतो, कीड चिरडली तर ओल सुटते.

---

पानफुटी

एचेव्हेरिया काढली. शोभेच्या भांड्यात तळाशी बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी होतं. मुळं बहुतेक सगळी तपकिरी, साल खरंच निघून येते, आणि कुबट वासही आहे. खोडाचा खालचा साधारण दीड सेंमी भाग काळा आणि मऊ. त्याच्या वरचं खोड टणक आहे, मधली आणि वरची पानंही चांगली घट्ट आहेत.

जेडची मुळं स्वच्छ आहेत, कीड फक्त वर.

---

घायपात

वरचा भाग टणक आहे ना, मग झाड वाचतं.

धारदार पातळ कटर घ्या. पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा. काळ्या भागाच्या वर साधारण १ सेंमी सोडून आडवा काप घ्या आणि कापलेली चकती नीट बघा. पूर्ण फिकट हिरवी किंवा पांढरट असेल तर थांबा. मध्यभागी किंवा कडेने तपकिरी ठिपका, वलय, काळसर छटा, काहीही दिसलं तर आणखी ३-४ मिमी वर कापा. प्रत्येक कापाआधी पातं पुन्हा पुसायचं, नाहीतर खालची कूज आपणच वर नेतो. खोड वाचवायचा मोह इथे महागात पडतो. खोडाच्या मधल्या वाहिन्यांमध्ये राहिलेला टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी डागसुद्धा आठवड्याभरात सगळं झाड आतून पोखरतो, आणि बाहेरून ते कळतं तेव्हा शेंडाही गेलेला असतो.

स्वच्छ काप मिळाला की खालची पानं काढून २ ते ३ सेंमी खोड मोकळं करा. पान डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवून बुडापासून अख्खं काढायचं, तुकडा खोडावर राहता कामा नये. मग हा शेंडा रिकाम्या पेल्याच्या तोंडावर बसवा, खोड आत लोंबकळत आणि पानं काठावर टेकलेली. आडवं ठेवलं तर शेंडा उजेडाकडे वळून वाकडा होतो. सावलीत, पण उजेड आणि वारा असलेल्या जागी ४ ते ७ दिवस. काप हाताला कोरडा, कडक लागला पाहिजे. दमट हवेत दहा दिवसही लागतात. दिवस मोजण्यापेक्षा काप बघा.

नंतर कोरड्या मिश्रणावर बसवा, खोड आत आणि पानं मातीला न टेकता. पाणी देऊ नका. मुळं नाहीत तर पाणी पिणार कोण? या काळात झाड पानांतल्या साठ्यावर जगतं, त्यामुळे खालची दोन-चार पानं सुकतील, ते ठीक आहे. आठ-दहा दिवसांनी मातीचा वरचा थर हलका ओला करा. दोन ते चार आठवड्यांत शेंडा अगदी हळू हलवून बघा. अडकल्यासारखा वाटला तर मुळं धरली. तेव्हापासून नेहमीसारखं पाणी.

पानांवरची पांढरट भुकटी पुसली जाऊ नये म्हणून झाड खोडाला धरूनच हाताळा. तो मेणाचा थर आहे, उन्हापासून आणि पाणी कमी होण्यापासून पान वाचवतो, आणि त्या पानावर पुन्हा तसा येत नाही. याच कारणासाठी एचेव्हेरियावर अल्कोहोल फवारायचं नाही, कीड असलीच तर तेवढ्या जागी टोकाने लावायचं.

---

शेर

मिश्रणच बदला. बागेची माती, कोकोपीट आणि गांडूळखत हे तिन्ही पाणी धरून ठेवणारे पदार्थ. १२ सेंमीच्या प्लास्टिकच्या कुंडीत ते आठवडाभर ओलं राहणार. एक भाग कोकोपीट-गांडूळखत आणि दोन भाग ३ ते ६ मिमीचे खडे: प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र हलका दगड), पर्लाइट, विटांचा चाळलेला चुरा, जे मिळेल ते. तळाला विटेच्या तुकड्यांचा चार-पाच सेंमी थर दिला की निचरा चांगला होतो.

---

निवडुंग

मिश्रणाचं प्रमाण बरोबर, पण तळाच्या थराबद्दल सहमत नाही. हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण त्याने उलटंच होतं.

बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या तुकड्यांच्या पोकळीत सहज उतरत नाही. बारीक पोकळी पाणी धरून ठेवते, आणि त्या दोन थरांच्या सीमेवर माती पूर्ण चिंब होईपर्यंत पाणी खाली जातच नाही. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक चिंब पट्टा असतोच, त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते. तळाला चार सेंमी विटा घातल्या की तो पट्टा चार सेंमी वर येतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. उथळ कुंडीत तर मुळांना कोरडी जागाच उरत नाही.

विटा वापरायच्या असतील तर फोडून, चाळून मिश्रणातच घाला. धूळ चाळणीखाली टाकून द्या, नाहीतर ती पोकळ्या बुजवते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे, माती सांडू नये एवढ्यापुरता.

वाळूबद्दलही तेच. बारीक वाळू मातीत मिसळली तर कण एकमेकांत बसून मिश्रण आणखी घट्ट होतं. वाळू घ्यायची तर जाड, तांदळाच्या दाण्याएवढी किंवा मोठी, धुतलेली. समुद्राची वाळू अजिबात नको, मीठ असतं.

मिश्रण जमलंय का हे लावण्याआधी तपासा. भरलेल्या कुंडीत वरून पाणी ओता. ते पृष्ठभागावर न साचता लगेच आत गेलं पाहिजे आणि काही सेकंदांत भोकातून वाहायला लागलं पाहिजे. वर तळं साचत असेल तर खडे वाढवा.

---

शेर

पटलं. थर नको, तेच तुकडे मिश्रणात घालायचे. कुंडी मात्र लहानच घ्या, मुळं किंवा शेंड्याचं खोड मावून सभोवती २ सेंमी जागा उरेल एवढी. मोठ्या कुंडीतली जी माती मुळं पीतच नाहीत, ती ओलीच राहते. भाजलेल्या मातीची कुंडी असेल तर उत्तम, तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. त्यात माती लवकर सुकते हे लक्षात ठेवून पाण्याचं बघा.

---

कोरफड

आता ग्राप्टोपेटालम. चट्टे आणि उंची हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्यावर केलेल्या उपायाने पहिला झाला.

चट्टे उन्हाने करपल्याचे आहेत. ओळखायची खूण: चट्टा कोरडा, टणक, पानाच्या उन्हाकडच्या बाजूलाच, आणि सावलीत आणल्यावर तो वाढत नाही. कुजण्याचा डाग ओलसर, मऊ असतो आणि पसरत जातो. करपलेलं पान पूर्ववत होत नाही, पण काम करत राहतं, तोडू नका. ऊन वाईट नव्हतं, अचानक आलं एवढंच. कमी उजेडात वाढलेल्या पानात ऊन सोसायची तयारी नसते. पहिले तीन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-एक तास वाढवत दोन आठवड्यांत सवय लावा. पानं गुलाबी-जांभळट झाली तर तो रोग नाही, उन्हापासून बचावासाठी तयार झालेलं रंगद्रव्य आहे.

उंचीबद्दल थोडं थांबून बघा. ग्राप्टोपेटालमचं खोड चांगल्या उजेडातही वर्षानुवर्षं लांबत जातं, खालची पानं वाळून गळतात आणि ते कुंडीच्या काठावरून लोंबू लागतं. तो त्याचा स्वभाव आहे. बघायचा तो शेंडा. टोकाची पानं गुलाबाच्या फुलासारखी एकमेकांना चिकटून असतील तर उजेड पुरेसा आहे. शेंड्यावरही दोन पानांमध्ये खोड उघडं दिसत असेल, पानं सपाट होऊन खाली झुकली असतील, रंग फिका असेल, तर उजेड कमी पडतोय. तुम्ही विरळ आणि कललेलं म्हणताय, शिवाय दीड मीटर आत, म्हणजे दुसरीच शक्यता जास्त. खिडकीपासून आत येताना उजेड फार झपाट्याने कमी होतो. डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला जाणवत नाही. कुंडी काचेपासून ३० सेंमीच्या आत आणा आणि आठवड्यातून एकदा पाव वळसा फिरवा.

लांबलेलं खोड आखूड होत नाही. नवी वाढ दाट हवी असेल तर आधी जागा बदला, शेंड्याची नवी पानं घट्ट यायला लागली की मग ३-४ सेंमी खोड ठेवून शेंडा कापा आणि घायपात यांनी सांगितलं तसाच सुकवून लावा. खालच्या बुंध्यावर दोन-तीन पानं राहू द्या, त्याच्या पेरांतून साधारण तीन ते सहा आठवड्यांत फुटवे येतात. जागा न बदलता कापलंत तर फुटवेही लांबटच येणार.

---

पानफुटी

शेवटच्या तीन शंका. एचेव्हेरियाची काढलेली पानं लावता येतील का? तीच कुंडी परत वापरू का? आणि पुढे पाणी किती दिवसांनी?

---

घायपात

पिवळट, काचेसारखी पानं फेकून द्या, ती फुटत नाहीत. टणक पानं, खोडाशी जुळणारं टोक अखंड असलेली, तीन दिवस सुकवून मिश्रणावर नुसती आडवी ठेवा, पुरू नका. दोन ते चार आठवड्यांत गुलाबी मुळं दिसतील, मग इवलं रोप. मुळं दिसेपर्यंत पाणी नको, नंतर आठवड्यातून एक-दोनदा हलका शिडकावा. जुनं पान आपोआप सुकेपर्यंत तोडायचं नाही, रोप त्याच्यावरच पोसतं.

कुंडी चालेल. घासून धुवा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. जुनी माती या झाडांसाठी परत नको.

पाण्याचे दिवस ठरवू नका. लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. तिला ओल किंवा माती लागली असेल तर थांबा. कोरडी आली आणि खालची पानं चिमटीत किंचित लवली तर पाणी द्या, आणि मग अर्धा कप मोजून नाही, भोकातून वाहेपर्यंत. थोडं थोडं पाणी वरच्याच थरात राहतं, मुळं खाली जात नाहीत. मध्ये पानांच्या गाभ्यात पाणी साठलं तर फुंकर मारून काढा.

शोभेच्या भांड्यात ठेवायचं असेल तर पाणी देताना कुंडी बाहेर काढा, अर्धा तास निथळू द्या, मगच परत ठेवा. तळाशी एक उपडी ताटली ठेवली तर उरलासुरला थेंबही कुंडीच्या भोकाला लागणार नाही.